घरी बिटकॉइन मायनिंग परवडतं का? यंत्राची किंमत नको, आधी वीजबिल बघा

डिसेंबर २०२४ मध्ये बिटकॉइनने पहिल्यांदा एक लाख डॉलरचा टप्पा ओलांडला. पुढे २०२५ मध्ये एका बिटकॉइनची किंमत रुपयांत एक कोटीच्या वर जाऊन आली. भाव असा चढला की एक जुना प्रश्न पुन्हा वर येतो. बिटकॉइन विकत घेणं परवडत नसेल, तर घरच्या घरी तयार करता येईल का? एक यंत्र आणायचं, प्लग लावायचा, इंटरनेट जोडायचं आणि झोपून जायचं. सकाळी खात्यात पैसे.

हे यंत्र खरोखर मिळतं आणि त्यातून खरोखर बिटकॉइन मिळतो. प्रश्न एवढाच आहे की त्यासाठी जळलेल्या विजेचे पैसे त्यातून सुटतात का. महाराष्ट्रातल्या घरगुती दराने हा हिशेब कसा लागतो, ते आकडे घेऊन बघू.

मायनिंग म्हणजे नेमकं काय?

बिटकॉइनचे व्यवहार कुठल्याही बँकेच्या वहीत लिहिले जात नाहीत. जगभरातल्या संगणकांवर एकच सामायिक वही असते आणि साधारण दर दहा मिनिटांनी तिला एक नवं पान जोडलं जातं. या पानाला ब्लॉक म्हणतात. ते जोडण्याचा मान कुणाला, हे ठरवण्यासाठी एक स्पर्धा चालते. यंत्रं एका गणिती कोड्याचं उत्तर अंदाजाने शोधत राहतात. यात हुशारी काही नाही, फक्त प्रचंड वेगाने आकडे टाकून बघायचे. ज्याचा आकडा आधी लागला, त्याला बक्षीस.

हे बक्षीस सुरुवातीला, म्हणजे २००९ मध्ये, ५० बिटकॉइन होतं. साधारण दर चार वर्षांनी ते निम्मं होतं. २०१२, २०१६, २०२० आणि शेवटी एप्रिल २०२४ मध्ये ते निम्मं झालं. आता एका ब्लॉकला ३.१२५ बिटकॉइन मिळतात. दिवसाला सरासरी १४४ ब्लॉक, म्हणजे संपूर्ण जगात मिळून दिवसाला सुमारे ४५० नवे बिटकॉइन. जगभरातले सगळे मायनर वाटून घेतात ते एवढंच. यंत्रं वाढली म्हणून बिटकॉइन जास्त तयार होत नाहीत, वाटेकरी मात्र वाढतात.

एकट्याने आकडा लागण्याची शक्यता नगण्य असते. म्हणून बहुतेक जण ‘पूल’मध्ये जातात. हजारो यंत्रं एकत्र काम करतात आणि बक्षीस ज्याच्या त्याच्या कामाच्या प्रमाणात वाटलं जातं. भिशी नव्हे, पण गटाने लॉटरीची तिकिटं काढावीत तसा प्रकार.

एका यंत्रातून महिन्याला किती मिळतं?

पूर्वी साध्या संगणकावर, नंतर गेमिंगच्या ग्राफिक कार्डवर मायनिंग व्हायचं. आता बिटकॉइनसाठी फक्त याच कामाला बनवलेली यंत्रं लागतात. त्यांना एसिक म्हणतात. बिटमेन कंपनीचं अँटमायनर एस-२१ हे यातलं चांगल्यापैकी यंत्र आहे. त्याचा वेग २०० टेराहॅश, म्हणजे सेकंदाला २०० लाख कोटी प्रयत्न. वीज लागते ३,५०० वॅट.

वेग ऐकायला प्रचंड वाटतो, पण समोर कोण आहे ते बघा. २०२५ मध्ये बिटकॉइनच्या जाळ्याचा एकूण वेग १ हजार एक्झाहॅशच्या आसपास पोहोचला. त्यात आपल्या यंत्राचा वाटा येतो ५० लाखांत एक. दिवसाच्या ४५० बिटकॉइनपैकी आपल्या वाट्याला ०.००००९. महिन्याचे झाले ०.००२७ बिटकॉइन.

हिशेबाला सोपं जावं म्हणून एका बिटकॉइनची किंमत एक कोटी रुपये धरू. महिन्याचं उत्पन्न झालं २७ हजार रुपये. पूलची फी आणि यंत्र बंद पडण्याचे दिवस यात धरलेले नाहीत. या वेगाने एक अख्खा बिटकॉइन जमायला सुमारे ३१ वर्षं लागतील, तीसुद्धा बक्षीस आणि स्पर्धा आहे तशीच राहिली तर. त्या काळात बक्षीस आणखी सात-आठ वेळा निम्मं होणार आहे.

तरीही महिन्याला २७ हजार रुपये काही वाईट नाहीत, असं कुणालाही वाटेल. आता दुसरी बाजू.

आणि वीजबिल?

साडेतीन किलोवॅटचं यंत्र चोवीस तास चाललं की दिवसाला ८४ युनिट जळतात. महिन्याला २,५२० युनिट. ज्या घरात एसी नाही अशा मध्यमवर्गीय घराचा महिन्याचा वापर १००-२०० युनिटच्या घरात असतो. म्हणजे हे एक यंत्र पंधरा-वीस घरांएवढी वीज खातं.

घरगुती विजेचा दर टप्प्यांनी वाढतो, हे आपण बिलावर बघतोच. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात वीज आकार आणि वहन आकार मिळून घरगुती दर असे होते:

- पहिल्या १०० युनिटसाठी ५.८८ रुपये
- १०१ ते ३०० युनिटसाठी ११.४६ रुपये
- ३०१ ते ५०० युनिटसाठी १५.७२ रुपये
- ५०० च्या वरच्या प्रत्येक युनिटसाठी १७.८१ रुपये

यावर १६ टक्के वीज शुल्क. स्थिर आकार आणि इंधन समायोजन आकार वेगळे. दर बदलत राहतात, त्यामुळे स्वतःचा हिशेब करताना ताज्या बिलाच्या मागचा तक्ता बघावा. पण चढत्या टप्प्यांची रचना लक्षात घेतली की मुद्दा समजतो.

समजा तुमच्या घरात आधीच १५० युनिट जळतात. यंत्राचे २,५२० युनिट त्याच्यावर चढतात. त्यातले १५० युनिट दुसऱ्या टप्प्यात, २०० तिसऱ्या टप्प्यात आणि उरलेले तब्बल २,१७० युनिट सगळ्यात महागड्या टप्प्यात जातात. वाढीव बिल होतं ४३,५११ रुपये. वीज शुल्क धरून सुमारे ५०,४७० रुपये.

कमाई २७ हजार, वीज ५० हजार. महिन्याला २३ हजारांहून जास्त तोटा. यात अजून यंत्राची किंमत नाही आणि करही नाही.

हेच उलट करून बघा. याच ५०,४७० रुपयांचा बिटकॉइन त्याच दिवशी बाजारात घेतला असता, तर ०.००५ मिळाला असता. यंत्राने दिला ०.००२७. घरी ‘तयार केलेला’ बिटकॉइन विकतच्या बिटकॉइनपेक्षा जवळपास दुप्पट महाग पडला. बिटकॉइन घ्यावा की नाही, हा वेगळा प्रश्न आणि त्यात जोखीम मोठी आहे. पण ज्याला तो हवाच आहे, त्याच्यासाठीसुद्धा मायनिंग हा स्वस्त रस्ता नाही.

कराचं काय?

भारतात मायनिंगवर बंदी नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना क्रिप्टो व्यवहारांपासून दूर राहायला सांगणारं परिपत्रक काढलं होतं. ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रद्द केलं. पण २०२२ च्या अर्थसंकल्पापासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, त्यावर ४ टक्के उपकर. म्हणजे ३१.२ टक्के. शिवाय व्यवहारावर १ टक्का टीडीएस. तोटा झाला तर तो दुसऱ्या कुठल्या उत्पन्नातून वजा करता येत नाही.

मायनिंग करणाऱ्यासाठी यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. मायनिंगच्या यंत्रणेसाठी केलेला पायाभूत खर्च हा खरेदीचा खर्च म्हणून धरला जाणार नाही, असं केंद्र सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत स्पष्ट केलं होतं. म्हणून सावध हिशेबात विक्रीची पूर्ण रक्कमच करपात्र धरावी लागते. किराणा दुकानदार माल, भाडं, वीज वजा करून उरलेल्या नफ्यावर कर भरतो. इथे ५० हजारांची वीज जाळून मिळवलेल्या २७ हजारांवरही सुमारे ८,४०० रुपये कर लागू शकतो. हातात राहिले १८,६०० रुपये आणि तोटा गेला जवळपास ३२ हजारांवर.

यावरून ना-नफा-ना-तोट्याचा दरही काढता येतो. कर न धरता हे यंत्र १०.७१ रुपये युनिटपर्यंत बरोबरीत राहतं. कर धरला की ही रेषा ७.३७ रुपयांवर येते. महाराष्ट्रात १०० युनिटच्या पुढे घरगुती वीज या रेषेच्या वर आहे. गोव्यात घरगुती दर बरेच कमी आहेत, त्यामुळे तिथे कागदावर चित्र बरं दिसेल. पण त्यातून आधी यंत्राचे काही लाख रुपये वसूल व्हायला हवेत आणि तोवर पुढच्या पिढीचं यंत्र बाजारात आलेलं असतं.

भाव वाढला तर परवडेल का?

हा सगळ्यात जास्त केला जाणारा युक्तिवाद. आज तोटा होऊ दे, उद्या भाव दुप्पट झाला की भरून निघेल.

यात अडचण अशी की बिटकॉइनच्या रचनेत कोड्याची काठिण्यपातळी दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, आपोआप बदलते. भाव वाढला की जगभरात नवी यंत्रं सुरू होतात, स्पर्धा वाढते, कोडं अवघड होतं आणि त्याच यंत्राला आधीपेक्षा कमी बिटकॉइन मिळतो. उलटही घडतं. २०२१ च्या उन्हाळ्यात चीनने मायनिंगवर कारवाई केली तेव्हा हजारो यंत्रं एकदम बंद पडली. जुलै २०२१ मध्ये काठिण्यपातळी एका फटक्यात सुमारे २८ टक्क्यांनी उतरली आणि बाकीच्या देशांतल्या मायनरांची चांदी झाली. पण ती टिकली नाही. यंत्रं अमेरिका, कझाकस्तानसारख्या देशांत गेली आणि स्पर्धा पुन्हा पहिल्यासारखी झाली.

म्हणजे या धंद्यात नफा दिसला की गर्दी होते आणि ती नफा खाऊन टाकते. शेवटी टिकतो तो सगळ्यात स्वस्त वीज असलेला. मोठ्या कंपन्या साधारण साडेतीन ते पाच रुपये युनिटच्या वीजेवर काम करतात. भूतानमध्ये सरकारी गुंतवणूक कंपनीच जलविद्युतवर मायनिंग करते. पॅराग्वेत इताइपू धरणाची जास्तीची वीज आहे. टेक्ससमध्ये मोठे मायनर ग्रिडवर ताण आला की यंत्रं बंद ठेवतात आणि त्याचेही पैसे मिळवतात. केंब्रिज विद्यापीठाच्या २०२५ च्या अंदाजानुसार बिटकॉइन मायनिंगला वर्षाला सुमारे १३८ अब्ज युनिट वीज लागते. हा वीज घाऊक भावात मिळवण्याचा उद्योग झाला आहे. त्यात १७ रुपये युनिटवाल्याने उतरणं म्हणजे किरकोळ भावात कांदा विकत घेऊन घाऊक बाजारात विकायला बसणं.

मग जुनं, स्वस्त यंत्र घेतलं तर?

जुनी यंत्रं काही हजारांत मिळतात आणि तरुण मुलं नेमकी तिथेच फसतात. अँटमायनर एस-९ हे एकेकाळी जगभर चालणारं यंत्र. वेग साधारण १३.५ टेराहॅश, वीज १,३०० वॅटच्या वर. आजच्या स्पर्धेत ते दिवसाला सुमारे ६० रुपये कमावतं आणि ३१ युनिटच्या वर वीज जाळतं. म्हणजे दोन रुपये युनिटनेही ते तोट्यातच. ते स्वस्तात विकलं जातं याचं कारण तेच आहे.

ग्राफिक कार्डची गोष्टही अशीच. २०२१ मध्ये इथेरियम मायनिंगसाठी लोकांनी दुप्पट-तिप्पट किमतीला कार्डं घेतली. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि मायनिंगच बंद केलं. एका दिवसात त्या कार्डांचं मुख्य काम संपलं. ग्राफिक कार्डवर आज मिळणारी इतर छोटी नाणी आपल्या दरात वीजबिलही भागवत नाहीत.

छंद म्हणून लोक हातात मावणारं छोटं यंत्रही लावतात. एखादं १.२ टेराहॅशचं यंत्र १५-१६ वॅटवर चालतं, महिन्याला अकरा-बारा युनिट. त्याने एकट्याने ब्लॉक जिंकायचा तर सरासरी सुमारे १६ हजार वर्षं लागतील. शिकण्यासाठी, गंमत म्हणून हरकत नाही. उत्पन्न म्हणून नाही.

सोलर लावला तर वीज फुकट नाही का?

फुकट वाटते, पण नसते. एक किलोवॅटचं पॅनल दिवसाला साधारण चार युनिट देतं. ८४ युनिटसाठी २१ किलोवॅट लागतील, म्हणजे दोन हजार चौरस फुटांच्या आसपास मोकळं छप्पर. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत घरासाठी जास्तीत जास्त ७८ हजारांचं अनुदान मिळतं, तेही तीन किलोवॅटपर्यंतचा हिशेब धरून.

तीन किलोवॅटचाच विचार करू. दिवसाला १२ युनिट मिळाले तर एस-२१ साडेतीन तासही चालत नाही. महिन्याला त्यातून ३,८५० रुपये येतील, कर गेला की २,६५०. आता तेच ३६० युनिट नेट मीटरिंगने घराच्या बिलातून वजा केले तर? महिन्याला ३६० युनिट वापरणाऱ्या घराचे सुमारे ४,४०० रुपये वाचतात आणि वाचलेल्या पैशावर कर नसतो. सोलरचा सगळ्यात फायदेशीर वापर घराचा पंखा, फ्रीज आणि एसी चालवणं हाच आहे.

उष्णता, आवाज आणि वायरिंग

यंत्रात गेलेली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ३,५०० वॅट म्हणजे दोन हजार वॅटचे पावणेदोन गीझर बेडरूममध्ये रात्रंदिवस चालू ठेवण्यासारखं. एवढी उष्णता बाहेर काढायला एक टनाचा एसी सतत पूर्ण ताकदीने चालवावा लागेल आणि त्याचे युनिट पुन्हा त्याच महागड्या टप्प्यात. क्युबेकमध्ये किंवा नॉर्वेत हिवाळ्यात लोक हीटरवर वीज जाळतातच. तिथे हीटरच्या जागी यंत्र ठेवलं तर खोली गरम होते आणि वर थोडे पैसेही मिळतात. चंद्रपूरच्या मे महिन्यात या हिशेबाचा उपयोग नाही.

आवाज ७५ डेसिबलच्या आसपास. बंद न होणारा व्हॅक्यूम क्लीनर समजा. सोसायटीत शेजारी दोन दिवसांत दार वाजवतील. शिवाय १५ अँपिअरचा प्रवाह सतत ओढला की जुन्या वायरिंगचे सांधे आणि सॉकेट तापतात. गीझर अर्धा तास चालतो, हे यंत्र महिनोन्‌महिने. मंजूर भार आधी तपासायला हवा.

कायद्याचीही एक बाजू आहे. घरगुती जोडणी घरगुती वापरासाठी असते. मंजूर कारणाशिवाय दुसऱ्या कामाला वीज वापरल्याचं आढळलं, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली लागू दराच्या दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. शेतपंपाला साडेसात अश्वशक्तीपर्यंत मोफत वीज आहे, तिच्यावर मायनिंग करण्याची कल्पना कुणी देत असेल तर तिथेही हाच धोका आहे. इराणमध्ये सवलतीच्या वीजेवर असंच मायनिंग फोफावलं आणि २०२१ च्या उन्हाळ्यात वीजटंचाई झाल्यावर सरकारला चार महिने बंदी घालावी लागली. कोसोवोनेही वीजसंकटात जानेवारी २०२२ मध्ये मायनिंग थांबवलं.

‘तुमच्या वतीने आम्ही मायनिंग करतो’ म्हणणारे

घरी परवडत नाही, हे कळल्यावर पुढची जाहिरात दिसते ती क्लाउड मायनिंगची. यंत्र आमचं, वीज आमची, तुम्ही फक्त पैसे गुंतवा. महाराष्ट्राला याचा कडू अनुभव आहे. ‘गेनबिटकॉइन’ या योजनेत क्लाउड मायनिंगच्या नावाखाली १८ महिने दरमहा १० टक्के परताव्याचं आमिष दाखवण्यात आलं. पुण्यासह राज्यात गुन्हे दाखल झाले, २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला. अनेकांनी बचत गमावली.

वरचा हिशेब इथेही कामाला येतो. ज्या धंद्यात स्वस्त वीजवाल्या बड्या कंपन्यांनाही नफ्यासाठी झगडावं लागतं, तिथे कुणी दरमहा ठरलेला परतावा देतो म्हणत असेल, तर तो पैसा मायनिंगमधून येत नाही. फोनवर बटण दाबून बिटकॉइन मायनिंग करून देणाऱ्या अॅपलाही हेच लागू. फोनचा वेग एसिकच्या शेजारी मोजण्याएवढाही नसतो.

स्वतःचा हिशेब कसा करायचा?

तीन आकडे पुरतात. यंत्राचे वॅट भागिले हजार, गुणिले ७२० तास, म्हणजे महिन्याचे युनिट. गुणिले तुमच्या बिलातल्या सगळ्यात वरच्या टप्प्याचा दर, वीज शुल्कासह. सरासरी दर धरू नका, कारण वाढीव युनिट वरच्याच टप्प्यात जाणार आहेत. त्याच्यासमोर यंत्राची महिन्याची कमाई कर वजा करून लिहा.

घरात कुणी मुलगा किंवा मुलगी या यंत्रासाठी पैसे मागत असेल, कर्ज काढायचं म्हणत असेल, तर नाही म्हणण्याआधी हा हिशेब त्यांच्यासोबत बसून करा. बिल हातात घेऊन, शेवटच्या पानापर्यंत. आज राज्यातल्या बहुतेक घरांत उत्तर एकच येईल, पण ते त्यांनी स्वतः काढलेलं असेल.